गच्चीवरून दिसणारी शेजारीण

पुण्या-नाशिकच्या नातेवाइकांचा फोन आला की तब्येतीची चौकशी झाल्यावर दुसरा प्रश्न ठरलेला असतो. "मग काय, तुमच्या मगरी काय म्हणतात?" 2024 च्या ऑगस्टनंतर तर विचारूच नका. पुराच्या पाण्यातून रस्त्यावर आलेल्या मगरींचे व्हिडिओ घराघरांत पोचले आणि बडोदेकर म्हणजे सकाळी दूध आणायला काठी घेऊन बाहेर पडणारी माणसे, असा काहीसा समज झाला. माझी नणंद तर अजून विचारते, "अगं, पण त्या येतात तरी कुठून?"

कुठून येत नाहीत. त्या इथेच राहतात.

विश्वामित्री पावागडच्या डोंगरात उगम पावते, बडोद्याच्या मधोमध वळणे घेत जाते आणि पुढे ढाढर नदीला मिळून खंभातच्या आखाताकडे निघून जाते. शहरातली नदी म्हटले की डोळ्यांसमोर घाट, पायऱ्या, दीपमाळा येतात. आमची नदी तशी नाही. ती खाली खोल घळीत वाहते. दोन्ही बाजूंना मातीचे उंच कडे आणि त्यांवर गांड्या बावळीचे रान (महाराष्ट्रात हिला वेडी बाभूळ म्हणतात). पुलावरून स्कूटरने जाताना नदी आहे हे वासावरून कळते, दिसत नाही. माणसाने पाठ फिरवलेली अशी जागा मगरीला मानवते. उतारावर ऊन खाता येते, मऊ मातीत बीळ खणता येते, मासे असतात, आणि शहराने टाकलेल्या घाणीवर वाढणारी डुकरे-कुत्री काठावर येत असतात. तिला लागते ते सगळे तिथे आहे. शहर आणि त्याच्या आसपासच्या पट्ट्यात मगरींची मोजणी शेकड्यांत होते. सयाजीराव महाराजांनी शहराला पाणी पुरवण्यासाठी बांधलेल्या आजवा सरोवरातही त्या आहेत.

गंमत पाहायची तर कमाटीबागेत जावे. बागेतल्या प्राणिसंग्रहालयात तिकीट काढून मगर पाहता येते आणि त्याच बागेतून वाहणाऱ्या नदीवरच्या पुलावर उभे राहिले की फुकटात, पिंजऱ्याशिवाय पाहता येते. हिवाळ्यात दहा-साडेदहाच्या सुमारास जायचे. काठावरचा एखादा ओंडका बराच वेळ पाहिल्यावर डोळा मिटतो, तेव्हा कळते.

आम्ही मूळचे दांडिया बाजारातले. वाड्यातल्या दोन खोल्या पुरेनात म्हणून 1998 साली समा भागात नदीकाठच्या एका सोसायटीत बंगला घेतला. जागा स्वस्त का मिळतेय, हे विचारायचे तेव्हा कुणाच्या मनात आले नाही. सोसायटीची मागची भिंत, भिंतीपलीकडे बाभळीचे रान, मग घळ आणि मग नदीचे वळण. आमच्या गच्चीच्या पश्चिम कोपऱ्यातून झाडांच्या फटीत हे वळण दिसते. समोरचा काठ तिथे उतरता आहे, त्यावर एक मातीची पायरी आहे, आणि त्या पायरीवर सकाळचे ऊन सरळ पडते.

मी शाळेत तीस वर्षे गणित शिकवले. 2017 मध्ये निवृत्त झाले तेव्हा मुलाने मोठ्या झूमचा एक कॅमेरा घेऊन दिला. "आई, आता पक्ष्यांचे फोटो काढ." पक्ष्यांचे काढलेही. पण पक्षी उडून जातो. मगर तीन तास हलत नाही. साठीकडे झुकलेल्या, नव्याने शिकणाऱ्या बाईला इतके समजूतदार मॉडेल दुसरे मिळणे कठीण.

फोटोचे तंत्र फारसे नाही. तिपाई लागते, कारण इतक्या लांबून हात जरासा हलला तरी मगरीची चिखलाशी गल्लत होते. ओल्या मातीवरची ओली मगर कॅमेऱ्याला काळीच दिसते, म्हणून उजेड थोडा वाढवून घ्यावा लागतो. आणि अकराच्या आत काम उरकायचे. त्यानंतर घळीतली हवा तापते, लहरते, आणि कितीही महागडी काच असली तरी चित्र पाण्याखाली पाहिल्यासारखे येते. मी गच्ची सोडून पुढे कधी गेले नाही. भिंतीपलीकडे तर नाहीच.

शिक्षिकेची खोड म्हणून प्रत्येक फोटोची नोंद वहीत करू लागले. तारीख, वेळ, ऊन की ढग, किती मगरी, कुठे. दोन हिवाळे गेल्यावर वही चाळली तर लक्षात आले की आपण 'मगरी' पाहतच नाही आहोत, त्याच त्या चार-पाच जणींना पाहतो आहोत. शेपटीवरचे करवतीसारखे उभे खवले मोजले, एखादा तुटलेला असला की खूण पटते. जबड्यावरचे व्रण, तुटका दात, मानेमागच्या मोठ्या खवल्यांची मांडणी. माणसाच्या चेहऱ्यावरच्या तिळासारखेच. त्यातली एक साधारण आठ फुटांची मादी त्या पायरीची मालकीण होती. तिच्या शेपटीचे टोक वीतभर तुटलेले. दुसरी कुणी पायरीवर आली की ही पाण्यातून नुसती डोके वर काढायची आणि आलेली निमूट उतरायची. भांडण नाही, आवाज नाही. आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये हे जमले तर बरे होईल, असे मला पुष्कळदा वाटले आहे.

तिला 'शेजारीण' हे नाव आईंनी दिले. आई म्हणजे माझ्या सासूबाई. वय तेव्हा ऐंशीच्या घरात. त्या रोज सकाळी गजेंद्रमोक्ष म्हणत. हत्तीचा पाय धरणारा तो नक्र आपल्या घरामागे राहतो, हे त्यांनी फार सहज स्वीकारले होते. एकदा कॅमेऱ्याच्या पडद्यावर तिला मोठे करून दाखवले तर बराच वेळ पाहून म्हणाल्या, "तोंड उघडं टाकून का बसलीय? तहान लागली असेल." मी सांगितले, ते तहानेने नाही, रागानेही नाही. अंग उन्हात तापत असताना डोके फार तापू नये म्हणून जबडा उघडा ठेवतात. मगरीचे रक्त आपल्यासारखे आतून गरम राहत नाही, उन्हातून ऊब घ्यायची आणि पाण्यात जाऊन कमी करायची, हाच तिचा दिवसभराचा हिशेब. आई म्हणाल्या, "म्हणजे माझ्यासारखंच. सकाळी ऊन, दुपारी पंखा."

समोरच्या गुजराती बांचे निराळे. त्यांच्या खोडियार माताजीचे वाहनच मगर. त्या गच्चीवर आल्या की आधी हात जोडत. चरोतरात मलातज नावाचे एक गाव आहे, तिथल्या तळ्यात पुष्कळ मगरी आहेत आणि काठावर खोडियार मातेचे देऊळ. एकदा बांच्या बरोबर मीही जाऊन आले. एका कडेला बायका धुणी धूत होत्या आणि पलीकडच्या कडेला मगर पहुडलेली. दोघींपैकी कुणी कुणाकडे पाहत नव्हते. ते दृश्य कॅमेऱ्यात घेताना मला वाटले की हे श्रद्धेने होते की सवयीने, ते वेगळे करून सांगता येणार नाही, आणि सांगायची गरजही नाही.

पण मगर ही गाय नव्हे, हे आधीच सांगून टाकते. विश्वामित्रीत माणसे दगावली आहेत. नदीकाठी शौचाला बसलेला, जाळे टाकायला उतरलेला, गुरांमागे पाण्यात गेलेला, बहुतेक वेळा गरीबच माणूस. गच्चीवरून फोटो काढणाऱ्या बाईने "किती शांत प्राणी" म्हणणे सोपे असते. तिचा शांतपणा हीच तिची शिकारीची रीत आहे. म्हणून मुलांना मी दोनच गोष्टी सांगते: पाण्याच्या कडेला बसायचे नाही, आणि तिला खायला टाकायचे नाही. एकदा का माणूस म्हणजे खाऊ हे गणित तिच्या डोक्यात बसले की पुढचे उत्तर आपल्याला परवडणारे नसते.

नदीचा शेजार म्हणजे फक्त मगर नव्हे. आमच्या न्हाणीघरात वर्षानुवर्षे एक झाडबेडूक राहतो, पिठूळ रंगाचा, बोटांच्या टोकांना गोल चकत्या. गीझरच्या मागे झोपतो आणि रात्री नळावर येऊन बसतो. त्याला बाहेर सोडला की दोन दिवसांत परत. पाहुण्यांना आधी सूचना द्यावी लागते. गच्चीच्या पाइपवरून घोरपड चढते, अगदी सराईतासारखी. कुंड्यांमागे सापसुरळ्या. बागेत धामण दिसली की आमचे हे अजूनही खुर्चीवर चढतात, पण उंदीर कमी का आहेत हे त्यांनाही ठाऊक आहे. आणि पहिल्या जोरदार पावसाच्या रात्री शेजारच्या मोकळ्या प्लॉटमध्ये मोठ्या बेडकांचे लग्न! वर्षभर मातकट हिरवे असणारे नर त्या एक-दोन दिवसांपुरते हळदीसारखे पिवळे होतात आणि गळ्याच्या दोन्ही बाजूंना निळे फुगे फुगवून ओरडत बसतात. निळे म्हणजे अगदी शाईचे निळे. पहिल्या वर्षी ते फोटो आमच्या मंडळाच्या ग्रुपवर टाकले तर तिघांनी विचारले, रंग कंप्युटरवर भरलेत का? तिथे मी फ्लॅश वापरत नाही. टॉर्चवर पातळ कापड बांधते आणि मिळेल तेवढ्या उजेडात घेते. निम्मे फोटो हलतात. हलू देत. तो प्लॉट गेल्या वर्षी विकला गेला. तिथे आता पाच मजले उभे राहिले आहेत, तेव्हा हललेले का होईना, फोटो आहेत.

आता पुराविषयी.

26 ऑगस्ट 2024, जन्माष्टमी. दिवसभर पाऊस थांबलाच नाही. वरून आजव्याचे पाणी, खालून शहराचे पाणी, आणि मध्ये आमचे वळण. रात्री दहाला सोसायटीच्या गटारातून पाणी उलटे येऊ लागले. बारापर्यंत ओट्याच्या दोन पायऱ्या बुडाल्या. आम्ही आईंना खुर्चीसकट वरच्या मजल्यावर नेले. त्यांची औषधे, देव्हारा, पाण्याची दोन पिंपे, स्टो, पोहे, दाणे, मेणबत्त्या आणि माझी नोंदवही एवढे वर नेता आले. पहाटे दिवाणखान्यात छातीइतके पाणी होते. विश्वामित्री त्या पुरात 37 फुटांपर्यंत चढली, हे नंतर कळले. तेव्हा वीज नव्हती, फोनला रेंज नव्हती, आणि काळोखात फक्त पाण्याचा आवाज. खाली फ्रीज तरंगत भिंतीवर आपटत होता, तो कोणी दार ठोठावल्यासारखा.

28 तारखेला दुपारी पाणी जरा उतरले. ओट्याची वरची पायरी आणि तुळशी वृंदावन उघडे पडले. समोरच्या गच्चीवरून बांची हाक आली, "बेन, तमारा ओटला पर मगर छे!"

आम्ही गॅलरीतून वाकून पाहिले. चार-साडेचार फुटांचे पोर. शेजारीण नव्हे, पुष्कळ लहान. अर्धे अंग पाण्यात आणि हनुवटी वृंदावनाच्या कठड्यावर टेकवलेली. डोळे मिटलेले. मगरीची ताकद क्षणाची असते. झडप घालताना, झटापटीत ती प्रचंड जोर लावते, पण तो जोर फार वेळ पुरत नाही, अंगात थकवा साचतो आणि मग तासन् तास विसावा लागतो. रात्रभर प्रवाहाशी झगडून ते पोर कुठे तरी टेकायला जागा शोधत आले असणार. ते आमच्या घरात शिरायला आले नव्हते. नदीच आमच्या घरात आली होती, आणि नदीबरोबर तिची माणसेही.

कॅमेऱ्याच्या बॅटरीची एकच रेघ शिल्लक होती. एक फोटो घेतला आणि कॅमेरा बंद केला. माझ्याकडच्या हजारो फोटोंत सगळ्यांत जवळून काढलेला मगरीचा फोटो तोच आहे, आणि त्यात तुळस, मंजिऱ्या, आईंनी काढलेले हळदीकुंकवाचे पुसट स्वस्तिकही आले आहे. तो मंडळाच्या ग्रुपवर मी टाकला नाही. त्या दिवसांत जे फोटो फिरत होते त्यांत तोही भीतीचाच झाला असता.

ते पोर जवळजवळ एक दिवस तिथेच होते. आई गॅलरीत खुर्ची टाकून बसल्या. मधूनच विचारत, "आहे का गं?" संध्याकाळी त्यांनी नेहमीप्रमाणे तुळशीसाठी दिवा लावला, गॅलरीच्या कठड्यावर, खाली पाहून. 29 तारखेला सकाळी वन खात्याच्या गाडीबरोबर दोन स्वयंसेवक तरुण आले. तोपर्यंत गुडघाभर पाणी उरले होते, आणि कुठून कोण जाणे, पंचवीस-तीस माणसे मोबाइल उंच धरून भिंतीवर चढली होती. त्या मुलांचा निम्मा वेळ मगरीपेक्षा माणसांना मागे सारण्यात गेला. मगर धरायला मात्र पाच मिनिटे. आधी डोळ्यांवर ओले गोणपाट टाकले. अंधार झाला की ती शांत होते. मग जबडा दोरीने बांधला. मिटणारे स्नायू भयंकर जोराचे, पण उघडणारे कमजोर, त्यामुळे साधी दोरीही पुरते.

आईंनी वरून विचारले, "कुठे सोडणार रे बाळांनो तिला?"

"बा, नदीत."

"नदी तर इथेच आहे की."

ती मुले हसली. मला काही हसू आले नाही.

27 ते 29 ऑगस्ट या तीन दिवसांत वस्तीतून 24 मगरी पकडल्या गेल्या. सर्वांत लहान दोन फुटांची, सर्वांत मोठी चौदा फुटांची. शिवाय साप, मोठी कासवे, एक साळिंदरसुद्धा. पाणी ओसरल्यावर त्यांना त्यांच्या घरी सोडता आले. आमचे घर मात्र तिथेच होते आणि ओळखू येत नव्हते. बोटभर जाडीचा चिखल, फुगलेली दारे, कपाटातले लग्नाचे अल्बम एकमेकांना चिकटून लगदा झालेले. गणपती 7 सप्टेंबरला. ह्यांनी वरच्या खोलीत, गाद्यांच्या ढिगाशेजारी पाट मांडला. आरतीला खालचा वास वर येत होता. प्रसाद खाता खाता ते म्हणाले, "हे घर विकू या." मुलगा फोनवर तेच म्हणत होता, पुण्यात फ्लॅट पाहतो म्हणून. मी काही बोलले नाही. आई म्हणाल्या, "मला कुठंही न्या, पण खालच्या मजल्यावर नको."

डिसेंबरात थंडी पडल्यावर मी पुन्हा गच्चीवर गेले. समोरचा काठ पार बदलला होता. बाभळी आडव्या, प्लॅस्टिकच्या पिशव्या फांद्यांवर पुरुषभर उंचीला लटकलेल्या. मातीची पायरी अर्धी वाहून गेली होती. 11 डिसेंबरला दहा वाजून वीस मिनिटांनी उरलेल्या अर्ध्या पायरीवर शेजारीण बसलेली दिसली. शेपटीचे तुटके टोक पाण्यात. वहीत नोंद केली आणि खाली येऊन आईंना सांगितले. त्या म्हणाल्या, "तिचंही घर पडलं म्हण की. ती नाही कुठे गेली."

ह्यांनी पेपर वर धरला.

पुराच्या नंतर नदी रुंद आणि खोल करायचे ठरले आणि 2025 च्या मार्चपासून यंत्रे उतरली. ते काम नको असे मी म्हणणार नाही. ज्याने दिवाणखान्यात छातीभर पाणी पाहिले आहे, त्याला नदीतला गाळ काढू नका असे सांगणे मला जमायचे नाही. पण पावसाळ्याआधी काम उरकायचे म्हणजे उन्हाळ्यात करायचे, आणि मार्च-एप्रिल हे मगरीचे अंडी घालायचे दिवस. ती पाण्यापासून थोडी वर, पूर न पोचेल अशा बेताने उतारावर हात-दीड हात खोल खड्डा खणते, रात्री त्यात वीस-तीस अंडी घालते आणि माती सारखी करून टाकते. वरून काही दिसत नाही. दोन महिन्यांनी पिल्ले येतात. पिल्ले नर व्हायची की मादी हे त्या मातीच्या उष्णतेवर ठरते. साडेबत्तीस अंशांच्या आसपास बहुतेक नर, त्याहून बरेच कमी किंवा जास्त झाले तर माद्या. आईबापांच्या हातात नाही, मातीच्या हातात. आणि मातीच उचलायची होती.

मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात शेजारणीचे वागणे बदललेले वहीत स्पष्ट दिसते. पायरी सोडून ती वर, एका पडक्या बाभळीच्या बुंध्याशी दिसू लागली. 22 ला तिथली माती उकरलेली. 25 ला सपाट केलेली. त्यानंतर रोज ती बुंध्याच्या खालच्या पाण्यात, तोंड काठाकडे करून. ऊन खायलासुद्धा लांब जाईना.

काम चालू असताना नदीकाठाने पाहणी करणारा तरुण मुलामुलींचा एक गट होता. पुरात आमच्याकडे आलेल्या दोघांपैकी एक त्यांत असे. त्याला मी घरी बोलावले आणि वही समोर ठेवली. मला वाटले होते, पोरगा काकूंचे मन राखायला चार पाने उलटेल. तो दीड तास बसला. सात हिवाळ्यांच्या तारखा, वेळा, प्रत्येक फोटोवर वेळेचा शिक्का. "काकू, आम्ही आज पाहतो ते आजचं असतं," तो म्हणाला. "ही इथे किती वर्षं आहे हे आम्हाला कोण सांगणार?" दुसऱ्या दिवशी गच्चीवरून मी हात करून जागा दाखवली आणि पलीकडच्या काठावरून त्यांनी खात्री करून घेतली. बुंध्याभोवती लांबून चार काठ्या आणि लाल फिती लागल्या. यंत्रे त्या वळणावर आमच्या बाजूने काम करून पुढे गेली, समोरचा तेवढा तुकडा पिल्ले निघेपर्यंत राहू दिला. तुकडा लहान होता. त्याच्या दोन्ही बाजूंचा उतार मात्र साबण कापल्यासारखा गुळगुळीत झाला. तिथली बिळे गेली, माझ्या वहीतल्या बाकीच्या तिघींपैकी एकच नंतर दिसली.

एप्रिल-मे म्हणजे गच्चीवर पाय ठेवत नाही अशी फरशी. मी पहाटे साडेपाचला जायचे आणि साताला परत. ह्यांनी न बोलता एक जुनी छत्री तिपाईला बांधून दिली. चहाही वर येऊ लागला.

30 मेच्या पहाटे शेजारीण बुंध्याशी होती आणि पुढच्या पायांनी माती उकरत होती. अंड्यातली पिल्ले आतून आवाज देतात, तो ऐकून आई घरटे उकरते. इतक्या लांब मला तो आवाज ऐकू येणे शक्य नव्हते. मग तिने खड्ड्यात तोंड घातले, बराच वेळ ठेवले, आणि वर काढून हळूहळू पाण्याकडे चालू लागली. झूम पूर्ण लांबवला. दातांच्या कुंपणामागे, खालच्या जबड्यात, वीतभर लांबीची पिवळसर पट्ट्यांची पिल्ले. ज्या जबड्याने रानडुक्कर ओढून नेलेले मी पाहिले होते, तोच. पाण्याशी जाऊन तिने तोंड उघडले, मान हलवली, आणि पुन्हा वर गेली. सहा खेपा केल्या.

मी ह्यांना हाक मारली. ते आले, एक डोळा मिटून पडद्यात पाहत राहिले, आणि म्हणाले, "आईला वर आणू या का?" 87 वर्षांच्या बाईला दोन जिने चढवणे शहाणपणाचे नव्हते. फोटोच खाली नेले. आईंनी भिंगातून एकेक पाहिला आणि विचारले, "किती गं एकूण?"

पहिल्या दिवशीच्या सर्वांत स्पष्ट फोटोत मला सतरा मोजता आली. आठवड्याने अकरा. ढोकरी, बगळे, घोरपडी, मोठे मासे, इतर मगरी, खाणारे पुष्कळ, म्हणून तर अंडी इतकी. जूनच्या मध्यावर पाऊस लागला तेव्हा सात उरली होती, आईच्या पाठीवर आणि डोक्यावर चढून बसलेली. 2 जुलैच्या फोटोत चार. त्यानंतर पाणी गढूळ झाले आणि चढले, पायरी पुन्हा दिसेनाशी झाली.

त्या पावसात पाणी आमच्या मागच्या भिंतीपर्यंतही आले नाही. ह्यांनी घराचा विषय दिवाळीनंतर पाहू असे मुलाला कळवले आहे. फ्रीज आता वरच्या मजल्यावर आहे, आणि आईंची खोलीही. त्यांच्या खिडकीतून नदी दिसत नाही, बाभळींचे शेंडे तेवढे दिसतात. रोज अकराला मी गच्चीवरून उतरले की त्या पोथी मिटतात आणि चष्मा लावून हात पुढे करतात, कॅमेऱ्यासाठी.